काही न मागणारी झाडं

वरच्या वाडीत राहती घरं दोनच उरली होती आणि त्या दोन्ही घरांखालचा उतार एकच होता. नुसता मुरूम. पाऊस आला तरी पाणी तिथे थांबायचं नाही. आपला या जागेशी काही संबंध नाही अशा थाटात ते थेट रस्त्याकडे निघून जायचं. तोंड दक्षिणेला, त्यामुळे उन्हाळ्यात दुपारी त्यावर मासा भाजून निघाला असता. अशा जागी काही उगवू नये हे माणसाला पटतं. गवताला पटत नव्हतं.

खालच्या गावातून वर पाहिलं की आधी उतार दिसे, मग घरं. त्यामुळे वरची माणसं धडधाकट आहेत की नाहीत, हे गाव उतार बघून ठरवी. कापलेला उतार म्हणजे तब्येत बरी. गुडघाभर गवत म्हणजे कंबर धरली. आणि कुझूचा वेल विजेच्या खांबावर चढला की गाव त्या घराबद्दल आवाज उतरवून बोलू लागे. डॉक्टरला विचारायची पद्धत नव्हती.

वर्षाला तीन कापण्या. एक जूनच्या पावसाआधी, एक बॉनच्या आधी, म्हणजे पितर घरी यायच्या आधी, आणि एक सुगीच्या जत्रेआधी. इतकी वर्षं या कापण्या खालच्या गावचा ओगाता करून देत असे. त्या वर्षी त्याच्या गुडघ्यात धातूचं काहीतरी बसवलं आणि डॉक्टरनं त्याला फक्त सपाट जमिनीवर चालायला सांगितलं. आमच्या डोंगरात हा सल्ला म्हणजे घराबाहेर पडू नका असं सांगण्यासारखंच होतं.

म्हणून बॉनच्या आधीची कापणी हात्सुए आणि किनुयो या दोघींनीच हाती घेतली. दोघी विधवा, दोघी पंचाहत्तरीच्या अलीकडे-पलीकडे. एकाच पावसाळ्यात या वाडीत सुना म्हणून आलेल्या. यंत्र किनुयोच्या नवऱ्याचं होतं. पट्टा खांद्याला, इंजिन कमरेमागे, लांब दांडा, आणि दांड्याच्या टोकाला गरगरणारी पाती. सपाट जागी ते बऱ्यापैकी माणसाळलेलं असतं. उतारावर ते आपल्या मनाचं होतं. थोड्या वेळात हाताला मुंग्या येत आणि मग यंत्र बंद केलं तरी कोपरापर्यंतचा हात स्वतःशीच थरथरत राही. दोघींनी रबरी बुटांवर गवताच्या दोऱ्या बांधल्या होत्या, घसरू नये म्हणून.

"डावा पाय खाली ठेव गं, डावा!" किनुयो वरून ओरडली.

"खालीच आहे!"

"तो उजवा!"

"मला नको शिकवूस. पाय माझे आहेत."

त्यानंतर पायांनी आपसांत काय ते ठरवलं आणि हात्सुए पाठीवर घसरत थेट गटारात गेली. यंत्र आधीच बंद पडलं, हे नशीब. किनुयो बसत-सरकत खाली आली.

"मेलीस का?"

"अजून नाही."

"मग ऊठ लवकर. पोस्टमन बघतोय."

पोस्टमननं पाहिलं, म्हणजे त्या दिवशी टपालाबरोबर ही बातमीही घरोघर वाटली गेली. संध्याकाळ व्हायच्या आत ओकायामाहून हात्सुएच्या मुलीचा, तोमोमीचा, फोन आला.

"आई, बास झालं आता. इकडे ये. खोली रिकामीच आहे."

"किनु आहे ना इथे."

"किनुयो काकू आहेत म्हणूनच मी गप्प बसते. ज्या दिवशी तू वर एकटी उरशील, त्या दिवशी मी गाडी घेऊन येईन. कबूल?"

"कबूल," हात्सुए म्हणाली. ढुंगण ठणकत होतं, तरी तिनं ते आनंदानं कबूल केलं. किनुयो कुठे जाणार होती? दोघींनी कधीच ठरवून टाकलं होतं. मुळ्याच्या लोणच्यावरचा दगड एका बाजूनं एकीनं आणि दुसऱ्या बाजूनं दुसरीनं उचलताना किनुयोच म्हणाली होती, "आपल्यातली एक मेली तर दुसरीनं खुशाल पोरांकडे जावं. तोवर कुणी हलायचं नाही. मी एकटी हा दगड उचलणार नाही, सांगून ठेवते."

बॉन आला. हिरोशिमाहून किनुयोचा मुलगा कोहेइ बायकोला घेऊन आला, बापाच्या थडग्यावर पाणी घातलं, डासांना नावं ठेवली आणि गेला. मग काही दिवसांनी एका सकाळी किनुयो उताराच्या माथ्यावर उभी राहिली आणि म्हणाली,

"हात्सु, कापायचंच कशाला? कापावं लागणार नाही असं काहीतरी लावू."

हात्सुएला ते इतकं आवडलं की तिनं लगेच डोक्याला टॉवेल गुंडाळला.

खालच्या गावातल्या सहकारी भांडारात रोपांच्या विभागाला मियोशी नावाची बाई होती. पन्नाशीची, तोंडाळ, नवऱ्याला दोनदा सोडून दोनदा परत घेतलेली. तिनं दोघींना रोपांच्या ओळींतून फिरवलं.

"उमेची झाडं लावू," हात्सुए म्हणाली. "फुलंही येतात, फळंही."

"फळ कधी धरणार?" किनुयोनं विचारलं.

"चार-पाच वर्षांत."

"आणि छाटणी कोण करणार? फवारणी? जूनमध्ये फळं वेचून मिठात कोण घालणार?"

"आपण."

किनुयोनं उमेच्या रोपाकडे असं पाहिलं, जणू ते तिला मागणी घालायला आलं होतं.

"नको," ती म्हणाली.

"मग हायड्रेंजिया?"

"पाणी मागते."

"लिली?"

"कंद डुकरं उकरून खातात," मियोशी म्हणाली. "डुकरांनी हात लावायचा नसेल तर हे आहे." तिनं लाल हिगानबानाचे कंद दाखवले. हे फूल कबरींपाशी आणि शेताच्या बांधावर लावतात. ते मेलेल्यांचं. घराजवळ लावलं तर घर जळतं म्हणतात.

किनुयोचा हात कंदांकडे गेला. हात्सुएनं त्या हातावर चापटी मारली.

"वेड लागलंय का? घरासमोर?"

"काही मागत नाही ते."

"मेलेली माणसंही काही मागत नाहीत. म्हणून काय दारात मांडून ठेवायची?"

मियोशीनं कंद परत टोपलीत टाकले. "आजी, तुम्हाला नक्की काय हवंय ते एकदा सांगा बघू."

किनुयोनं बोटांवर मोजत सांगितलं, "पाणी मागणार नाही, खत मागणार नाही, छाटणी मागणार नाही, डुक्कर खाणार नाही." आणि जरा थांबून म्हणाली, "माणूस नसला तरी जगेल."

"असला नवरा दिसला तर मलाही कळवा," मियोशी म्हणाली.

हात्सुए हसून हसून वाकली. किनुयोही हसली, पण ती आधी कंदांच्या टोपलीकडे पाहून मग हसली.

शेवटी जमिनीवर सतरंजीसारखी पसरणारी, गुलाबी फुलांची शिबाझाकुरा घेतली. जिथे उतार फार उभा होता तिथे मान्नेनगुसा. तिची पानं भाताच्या दाण्यांएवढी आणि फुगीर असतात. उपटून दगडावर फेकली तरी ती तिथेच संसार मांडते. काठाला ड्रॅगनच्या दाढीचं गवत. मियोशीनं सगळं खोक्यांत भरलं आणि ओगाताच्या पोरानं छोट्या ट्रकमधून वर आणून टाकलं.

मग खरं काम सुरू झालं. काम कमी करणारी झाडं लावायला किती काम पडतं, हे लावणाऱ्यालाच कळतं. आधी कुझूचा वेल. त्याची मुळं मनगटाएवढी जाड होती. कुदळीनं मुरूम फोडत त्यांचा माग काढायचा, आणि एक मूळ संपलं म्हणावं तर ते खाली जाऊन दुसऱ्याला भेटलेलं. दोघी एकाच मुळाला धरून मागे रेलत. ते तुटलं की दोघी एकदम बसत.

"तुझ्यामुळे तुटलं."

"तुझ्या वजनामुळे."

मग काळं कापड अंथरलं, लोखंडी खिळ्यांनी ठोकलं, आणि कात्रीनं फुल्या कापून प्रत्येक फुलीत एक रोप. हात्सुएच्या अंगठ्याच्या पेराला भेग पडली होती. तिथे माती गेली की ती दात आवळी. दुपारी दोघी उतारावरच डबा खात. भाताचे गोळे, मुळ्याचं लोणचं, थर्मासमधला चहा. खालून येणारे-जाणारे मान वर करून ओरडत, "काय चाललंय, आजी?"

"लग्न ठरलंय माझं! मांडव घालतेय!" किनुयो उत्तर देई. ती कधी नव्हे इतकी जोरजोरात बोलत होती.

माथ्यापासून, म्हणजे किनुयोच्या सासरच्या थडग्यांपासून, खाली रस्त्यापर्यंत तिनं तिरकी पट्टी मोकळी ठेवायला लावली.

"एवढी रुंद? गाय चालवायचीय का?"

"पाणी घालायला वाट नको?"

"पाणी मागत नाहीत म्हणालीस ना आत्ताच!"

"पहिल्या वर्षी मागतात."

हात्सुएला हे पटलं. पहिल्या वर्षी सगळेच मागतात. ती स्वतः सून म्हणून आली तेव्हा पहिलं वर्षभर रोज रडायला कोपरा मागत होती, आणि तो कोपरा किनुयोच्या लाकडाच्या खोपटात मिळाला होता.

बर्फ आलं आणि गेलं. मार्चमध्ये दिवस-रात्र सारखी होण्याचा आठवडा आला. या आठवड्यात पूर्वजांसाठी बोतामोची करतात, भाताचे गोळे आणि वर अझुकीचा, म्हणजे चवळीसारख्या लाल कडधान्याचा, गोड लेप. हात्सुए पहाटेपासून अझुकी घोटत होती. किनुयो आदल्या दिवशी म्हणाली होती, उद्या मी दातांच्या डॉक्टरकडे जाणार, घरी नसेन. त्यामुळे बोतामोची संध्याकाळी द्यायचं ठरलं होतं.

दहाच्या सुमाराला उतारापाशी गाड्या थांबल्या. कोहेइची पांढरी गाडी. मठातल्या भिक्षूबुवांची स्कूटर. आणि एक ट्रक. हात्सुए लेपाचे हात घेऊनच अंगणात आली आणि तिला माथ्यावर ते दिसलं. किनुयोच्या घराण्याचं थडगं पांढऱ्याशुभ्र कापडात गुंडाळलेलं होतं.

तिच्या अंगावर काटा आला, आनंदानं. नवा दगड असा गुंडाळून ठेवतात. भिक्षू मंत्र म्हणतात, कापड काढतात, दगडाचे डोळे उघडतात. किनुयोच्या घरचा जुना दगड केव्हापासून तडकलेला होता. कोहेइनं अखेर नवा बसवला! आणि नवा दगड बसवणारं घराणं काही पुढल्या साली उठून जात नाही. दातांचा डॉक्टर म्हणे. खोटारडी मेली. मला चकित करायचं होतं तिला.

हात्सुएनं सगळ्यात चांगला लाखेचा डबा काढला, लग्नातला. बोतामोची नीट रचल्या. एप्रन बदलला, केस पाण्यानं बसवले आणि पायऱ्या चढून माथ्यावर गेली. सगळे काळ्या कपड्यांत होते. उदबत्तीचा धूर सरळ वर जात होता. किनुयो सगळ्यात मागे, हात जोडून.

हात्सुए कमरेत पार वाकली.

"अभिनंदन! फार चांगलं केलंत. कोहेइ, तुझ्या बाबांना किती बरं वाटलं असेल! आता ही म्हातारी मेली की हिलाही छान नवी जागा," असं म्हणून तिनं डबा पुढे धरला.

कोहेइच्या बायकोनं आपल्या बुटांकडे पाहायला सुरुवात केली आणि बराच वेळ ते काम सोडलं नाही. भिक्षूबुवा दयाळू होते, आणि दयाळू माणसं अशा वेळी सगळ्यात वाईट करतात. ते हळूच म्हणाले,

"हात्सुए-सान, दगडाचे डोळे उघडायचे नाहीत. मिटायचे आहेत. अस्थी हिरोशिमाला न्यायच्यात."

हात्सुएचे हात डब्याखाली तसेच राहिले. डबा जड होता. ती म्हणाली, "अस्सं," आणि परत म्हणाली, "अस्सं, अस्सं." मग सरळ व्हावं की वाकलेलंच राहावं हे तिला ठरवता येईना. भिक्षूबुवांनी एक बोतामोची उचलून तोंडात घातली आणि फार गोड झालीय म्हणाले. अझुकी त्यांच्या ओठाला लागली होती. कुणी त्यांना सांगितलं नाही.

तेवढ्यात खालून इंजिनचा आवाज आला. मोरिवाकी नावाचा पाथरवट पट्ट्यांवर चालणारी छोटी गाडी घेऊन उतार चढत होता. त्या मोकळ्या पट्टीतून.

"आजी, जरा बाजूला व्हा हं," तो मोठ्यानं म्हणाला, कारण त्याला इंजिनमुळे काही ऐकू येत नव्हतं आणि एकूणच कुणी काही सांगितलेलं नव्हतं. "काय सुरेख वाट ठेवलीय! इंचभर इकडे-तिकडे नाही. किनुयो आजींनी मागेच गाडीचं माप विचारून घेतलं होतं. असं गिऱ्हाईक मिळायला भाग्य लागतं!"

हात्सुए बाजूला झाली. तिनं किनुयोकडे पाहिलं नाही. डबा तिथल्याच एका दगडावर ठेवला आणि पायऱ्या उतरली. उतरताना प्रत्येक पायरीवर दोन्ही पाय ठेवत होती, पोरांसारखे.

दुसऱ्या दिवशी सकाळी किनुयो डबा घेऊन आली. धुऊन, पुसून. रिकामा डबा परत देऊ नये म्हणून त्यात नवा टॉवेल घडी घालून ठेवला होता. हात्सुए ओसरीवर मुळे सोलत होती.

"कधी ठरलं?" तिनं मुळ्याला विचारल्यासारखं विचारलं.

"बॉनला."

"बॉनला. म्हणजे झाडांच्या आधी."

"आधी."

"तोमोमीला माहीत आहे?"

किनुयोनं कोरडा डबा बाहीनं पुसला. "फोन आला होता तिचा. मीच म्हटलं, तू बोलू नकोस, मी सांगेन."

"कधी सांगणार होतीस?"

"रोज."

मुळ्याची साल लांबच लांब निघाली आणि तुटली.

"कोहेइ म्हणतो, दरवर्षी इतक्या लांब थडग्यावर यायला त्याला जमत नाही," किनुयो म्हणाली.

"त्याच्या बापाला जमत होतं. तो इथेच पडून होता ना."

"माझा डावा डोळा गेल्यात जमा आहे, हात्सु. तुला कधी सांगितलं नाही."

"काहीच कधी सांगू नकोस. सवय मोडेल."

किनुयो ओसरीच्या कडेला टेकली. शेजारच्या बांबूच्या बेटात उगाचच काहीतरी कडकडत होतं.

"तुला पुन्हा ते यंत्र खांद्यावर घ्यावं लागू नये," ती म्हणाली, "म्हणून लावली ना मी झाडं. गुडघ्यावर बसून लावली. तुझ्यासाठी."

"माझ्यासाठी," हात्सुए म्हणाली. "तुला माहीत होतं, तू गेलीस की तोमोमी मला उचलून नेणार. मग ती झाडं कुणासाठी लावलीस? गटारासाठी?"

किनुयोनं टॉवेलची घडी डब्यात सरळ केली, जी सरळच होती.

महिनाअखेरीला ती गेली. खालचं गाव रस्त्यावर उभं राहून हात हलवत होतं. एवढ्या निरोपाला गाव बरंच तयार दिसलं. त्यांनाही आधीपासून माहीत होतं, हे उघड होतं. पोस्टमन तर रडलासुद्धा. हात्सुए मागच्या झऱ्यावर रस्त्याकडे पाठ करून बरण्या घासत होती. तिच्या बरण्या इतक्या स्वच्छ कधीच झाल्या नव्हत्या.

एप्रिलच्या शेवटी उतार फुलला. असा फुलला की तोंडात मारल्यासारखा. ती तिरकी पट्टी सोडली तर माथ्यापासून रस्त्यापर्यंत गुलाबी, मध्ये मान्नेनगुसाचे पिवळे ठिपके फुटू लागलेले. खालच्या गावातून माणसं चालत वर येऊ लागली. शेजारच्या खोऱ्यातून गाड्या आल्या. लोक फोटो काढत आणि हात्सुएला दिसेल तिथून ओरडून सांगत, "दोघींनी काय निवड केलीत हो! हात लावायला नको!"

"हो ना," हात्सुए म्हणे. "कुणीच नको."

तोमोमी फोनवर म्हणाली, मेच्या सुट्ट्यांत गाडी घेऊन येते, तोवर कपडे तेवढे वेगळे काढून ठेव. हात्सुएनं हो म्हटलं आणि कपडे होते तिथेच ठेवले.

आणि मग किनुयोचा फोन आला. आवाज विहिरीतून आल्यासारखा. सातव्या मजल्यावर राहते म्हणाली, नदी दिसते म्हणाली, सून चांगली आहे म्हणाली. ती सून चांगली आहे असं दोनदा म्हणाली.

"उतार कसा आहे?" तिनं विचारलं.

हात्सुए खिडकीतून उताराकडे पाहत होती. खाली दोन बायका फोटोसाठी गुडघे टेकून बसल्या होत्या.

"गेला," ती म्हणाली.

"गेला म्हणजे?"

"मेलं सगळं. वाळून कोळसा झालं."

"सगळं?"

"सगळं."

"मान्नेनगुसासुद्धा? अगं, ती कशी मरेल?"

"तिला विचार. मी काय करू?"

मग किनुयो म्हणाली, "रविवारी येते मी. बघते काय झालंय ते."

फोन ठेवल्यावर हात्सुए स्वयंपाकघरात दोन फेऱ्या मारून आली. तिला स्वतःचं हसू आलं आणि ते कुणाला दाखवावं हे कळेना. रविवारी किनु येणार. वाळलेला उतार बघायला येणार, आणि उतार तर असा की खालच्या गावात चष्मा नसलेल्यालाही दिसावा. बरं, किनूला दिसेल. ती कमरेवर हात ठेवेल आणि शिव्या देईल. खोटारडे, म्हातारचळ लागलाय तुला म्हणेल. मग मीही देईन. मला द्यायच्याच आहेत. पोटभर देईन, आणि मग पुढचं पुढे.

पण जरा तरी खरं दिसायला हवं, म्हणून शुक्रवारी ती विळा घेऊन उतारावर गेली आणि रस्त्याच्या कडेची शिबाझाकुरा उपटायला बसली. झाडं काही मागत नव्हती, तशीच काही सोडतही नव्हती. मुळं काळ्या कापडाच्या खाली जाऊन मुरमाला धरून बसली होती. तिनं दोन्ही हातांनी धरून ओढलं, पाय रोवून ओढलं, विळा खाली घालून कापलं. अंगठ्याच्या भेगेतून रक्त आलं. शनिवारी पुन्हा गेली. दोन दिवसांत एका चटईएवढी जागा उघडी झाली. मान्नेनगुसा तिनं उपटून रस्त्यावर फेकली; दुसऱ्या दिवशी ती तिथेच डांबराच्या भेगेत खुशाल पडलेली दिसली, टवटवीत. खालून ओगाता काठी टेकत आला होता. त्यानं हे सगळं पाहिलं.

"काय करताय, हात्सुए-सान?"

"निगा राखतेय."

रविवारी दुपारच्या बसनं किनुयो आली. हात्सुएनं तिला वरून पाहिलं. शहरातला मऊ बूट, खांद्याला लहानशी पिशवी, हातात कागदात गुंडाळलेलं मिठाईचं खोकं. ती उताराच्या पायथ्याशी थांबली. त्या सगळ्या गुलाबी रंगाकडे पाहत राहिली, त्या चटईएवढ्या टकलाकडे पाहत राहिली. मग पायऱ्या चढू लागली, कठडा धरून.

पन्नास वर्षं किनुयो या घरात मागच्या दारानं येत होती. हाक न मारता, चपला उलट्यासुलट्या टाकून, झाकणं उघडून बघत. आताही ती सवयीनं मागे वळली. हात्सुए दारात उभी राहिली.

"इकडून नको," ती म्हणाली. "पुढून या. इकडे पसारा आहे."

पुढच्या खोलीत तिनं पाहुण्यांची गादी घातली होती, जी भिक्षूबुवांखाली घालतात. झाकणाचे कप काढले होते, बशीसकट. एका बशीत एकच गोड पदार्थ, लाकडी काडीसकट. हे सगळं तिनं मनाशी घोळवून केलं होतं. किनु ती गादी लाथेनं सरकवेल, 'हे काय सोंग!' म्हणेल, आणि उठून स्वयंपाकघरात जाऊन स्वतःचा तो कानतुटका कप शोधेल. तो कप हात्सुएनं मुद्दाम पुढेच ठेवला होता, शोधायला त्रास नको म्हणून.

किनुयोनं गादीकडे पाहिलं. हात्सुएकडे पाहिलं. मग गुडघे जुळवून, पाठ सरळ ठेवून, ती गादीवर नीट बसली. खोकं दोन्ही हातांनी पुढे केलं.

"काही विशेष नाही आहे, पण घ्यावं," ती म्हणाली.

"कशाला एवढं," हात्सुए म्हणाली.

"उतार फार छान फुललाय."

हात्सुएनं वाट पाहिली. पुढे काही आलं नाही.

"आपली कृपा," ती म्हणाली.

त्या हवेबद्दल बोलल्या. नदीबद्दल बोलल्या. किनुयोनं डोळ्याचं ऑपरेशन जूनमध्ये आहे म्हणून सांगितलं आणि हात्सुएनं काळजी घ्या म्हटलं. किनुयोनं कप दोन्ही हातांत धरून चहा प्यायला, झाकण हळूच परत ठेवलं. गोड पदार्थाला तिनं हात लावला नाही. पाहुण्यानं लावू नये. चारच्या बसची वेळ झाली तेव्हा तिनं गादीवरून उतरून, जमिनीला हात टेकवून नमस्कार केला. हात्सुएनंही केला. दोघींची डोकी एकाच वेळी खाली गेली आणि एकाच वेळी वर आली.

पायऱ्यांवरून ती दोनदा वळून वाकली. हात्सुए दारात उभी राहून, ती वळणाआड जाईपर्यंत वाकलेली राहिली. बस गेली.

मग तिनं पुढच्या खोलीतली बशी उचलली, स्वयंपाकघराच्या पायरीवर बसली आणि तो गोड पदार्थ काडी न वापरता खाल्ला. बराच शिळा होता. शुक्रवारी आणला होता. खाऊन झाल्यावर तिनं मागच्या दाराला आतून अडसर लावला. तो इतक्या वर्षांत वापरलेलाच नव्हता, त्यामुळे हातोड्यानं ठोकून बसवावा लागला.

फोन वाजला. तोमोमी होती.

"आई, बांधलंस सामान?"

"नाही."

"अगं, असं काय? तू कबूल केलं होतंस."

"हो," हात्सुए म्हणाली. "कबूल सगळ्यांनीच केलं होतं."

तोमोमीनं मऊ आवाज काढला, जो ती डॉक्टरांशी बोलताना काढते. "मी शनिवारी येते. आपण बसून बोलू. चालेल?"

"ये की," हात्सुए म्हणाली. "फक्त पुढच्या दारानं ये. गादी घालून ठेवते."